सभामंडपातली जागा

पंढरपुरी महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर, बाहेरच्या अंगाला, चोखोबांची समाधी. आषाढीच्या गर्दीत माणूस दोन्हींना एका दमात हात जोडतो आणि पुढे ढकलला जातो. मीही चाळीस-पंचेचाळीस वर्षे तेच केले. सप्ताहात चोखोबांचे चरित्र लावायचे झाले की मंगळवेढ्याचे गावकूस कसे कोसळले, नामदेवराय अस्थी वेचायला कसे गेले, हाडांतून विठ्ठलनाम कसे ऐकू आले, हे मी रंगवून सांगत असे. श्रोत्यांचे सोडा, टाळकऱ्यांचेही डोळे भरायचे. कीर्तन वठले म्हणून मी समाधानाने नारळ घेऊन घरी, नामपूरला परत यायचो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मोसम खोऱ्यातल्या एका गावी असेच कीर्तन झाले. आरती झाली, लोक बुक्का लावायला, पाया पडायला आले. सगळ्यांच्या शेवटी एक वृद्ध गृहस्थ आले. ते पूर्ण वेळ मंडपाच्या कडेला, कनातीला टेकून बसलेले मी पाहिले होते. म्हणाले, ‘महाराज, एक विचारू का? जे कूस बांधताना चोखोबा गेले, ते बांधायचं ठरलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं का?’

मी कीर्तनकाराचे उत्तर दिले. भक्ताला बाहेर ठेवले तर देव स्वतः बाहेर येतो, वगैरे. ते हसले. ‘ते देवाचं झालं, महाराज,’ एवढेच म्हणाले आणि चपला पायात सरकवून गेले.

आता घसा बसल्यामुळे कीर्तन बंद आहे. वेळ पुष्कळ आहे, चष्मा लावून वाचता येते. त्या प्रश्नाचा माग काढत मी जे वाचले आणि जे डोळ्यांनी पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो. यात पांडित्य नाही. उशिरा दिलेले उत्तर आहे.

देवळाच्या पुढच्या भागाला आपण सभामंडप म्हणतो. हा शब्द मी हजार वेळा उच्चारला, पण त्यातल्या ‘सभे’कडे माझे लक्ष गेले नाही. पूर्वी गावाचे जे काही ठरायचे ते चावडीवर, पारावर नाहीतर देवळाच्या मंडपात बसून ठरे. यात्रेची वर्गणी, बलुत्यांचे हक्क, शिवेचा वाद, सगळे तिथेच. आपल्या बागलाणात तर याचे उत्तम उदाहरण आहे. मोसम आणि आरम नद्यांवर बंधारे घालून फडाची बागायत चाले. एका फडात एकच पीक, पाण्याची पाळी ठरलेली, पाटकरी पाणी वळवणार, जागल्या राखण करणार, आणि सगळा कारभार शेतकऱ्यांच्याच पंचांकडे, सरकारचा हात न लागता. जाणकार मंडळी या पद्धतीचे आजही कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण पंचांत बसायला फडात जमीन लागे. जागल्या रात्रभर जागायचा; पाण्याची पाळी ठरताना त्याचा शब्द कोण घेणार?

आणि ज्याला मंडपाची पायरीच चढू द्यायची नाही, त्याला मंडपात काय बोलले गेले हे कळणार कसे? देऊळप्रवेशाचा प्रश्न हा नुसता देवदर्शनाचा नव्हता, हे माझ्या डोक्यात इतक्या उशिरा शिरले. दर्शन चोखोबांना मिळालेच होते. मिळाले नव्हते ते गावात मोजले जाणे.

इंग्रजी अमलात मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी १९२३ च्या ऑगस्टमध्ये एक ठराव संमत करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा सरकारी देखरेखीखालची पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा आपला ठरावही केला. वहीत तळे खुले झाले. प्रत्यक्षात त्या पाण्यात ओंजळ घालायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह जाऊन ते पाणी घेतले, आणि त्यानंतर त्यांच्या माणसांना मार खावा लागला. मग प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. एका ओंजळीला ठरावापासून धरले तर चौदा वर्षे लागली. आपल्या ग्रामपंचायतीच्या वहीत एखादा चांगला ठराव लिहिलेला दिसला की मला ही चौदा वर्षे आठवतात.

नाशिकची गोष्ट आपल्या घरची. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड, त्याचे प्रमुख संघटक. मंदिराच्या दरवाजांवर पुरुष बसले, बायकाही बसल्या. दरवाजे बंद झाले. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सुमारे पाच वर्षे हे चालले आणि दार काही उघडले नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. एवढी मोठी गोष्ट आपल्या जिल्ह्यात घडली, पण मी ती कीर्तनात एकदाही काढली नाही. सप्ताहाची वर्गणी देणारे नाराज होतील ही भीती होती. दुसरे कारण नाही, ते आज लिहून टाकतो.

पंढरपूरच्या बाबतीत मात्र आपल्याला थोडी मान वर करता येते. साने गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना विचारले, सभा घेतल्या, सह्या जमवल्या. आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. बसायला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. दहा दिवसांनी तोडगा निघाला आणि विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. स्वातंत्र्य यायला तेव्हा तीन महिने होते. मला यातले आधीचे महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. गुरुजींनी उपोषण शेवटी केले. त्याआधी गावोगाव जाऊन, दार उघडावे असे तुम्हाला वाटते का, हे त्यांनी लोकांनाच विचारले होते. कूस बांधताना जे कोणी केले नाही, ते दार उघडताना या माणसाने केले.

देऊळ उघडले तरी देवळाचा कारभार उघडायला पुढे किती काळ गेला, तेही पाहा. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा १९७३ चा, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ चा. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींचे, त्यांत स्त्रियाही, पुजारी नेमायला सुरुवात केली.

आता आपल्या गावच्या सभामंडपाकडे येऊ. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावातल्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत बसवले. १९९३ पासून राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया यांच्यासाठी पंचायतीत जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा अर्ध्यावर नेला. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असाही नियम आहे. कागदावर पाहिले तर जगातल्या कुठल्याही देशाने हेवा करावा. पण कायद्याला पळवाट कशी काढतात तेही सांगतो. ग्रामसभेला शंभर माणसे किंवा मतदारांपैकी शेकडा पंधरा, यांतली जी संख्या कमी ती हजर लागते. तेवढी जमली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला संख्येची अट नाही. म्हणून काही ठिकाणी दवंडी हळू आवाजात होते, मुख्य चौकातच होते, वस्तीपर्यंत जात नाही. सभा तहकूब होते. मग दहा-पंधरा ओळखीचे लोक बसतात आणि सह्या होतात. महिला सरपंच असेल तर खुर्चीत यजमान बसलेले मी स्वतः पाहिले आहेत.

सटाण्याला मार्गशीर्षात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. इंग्रजी राज्यात ते तिथे मामलेदार होते. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला अशी कथा आहे, आणि म्हणून लोकांनी त्यांचे देऊळ बांधले. मी त्या यात्रेत कितीदा तरी कीर्तन केले आहे. हल्ली वाटते, अधिकाऱ्याने एकदा तिजोरी उघडली तर आपण त्याला देव केले. तिजोरीचा हिशेब पाहायचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्येकाला दहा रुपयांच्या अर्जावर दिला, तर तो अर्ज करणाऱ्याला गावात भांडखोर म्हणतात. आपल्या राज्याचा असा कायदा तर त्याच्याही आधीचा, २००२ चा.

आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरात कोकणा, भिल्ल, मावची बांधवांची गावे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्या कसत्या जमिनीच्या दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून ठेवली. त्यातला एक नियम वाचून मला फार बरे वाटले. कागद नसेल तर गावातल्या जाणत्या वृद्धांचे सांगणे लिहून घेतात, आणि तो पुरावा धरता येतो. आपला सगळा संप्रदाय ऐकून आणि सांगून टिकला आहे. त्या मुखोद्गत ज्ञानाला सरकारदरबारी किंमत आली. तरीही दावे वर्षानुवर्षे पडून राहिले. म्हणून ६ मार्च २०१८ ला नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, मुंबईला पायी निघाले. सुमारे १८० किलोमीटर. मार्चचे ऊन, पायाला फोड, डोक्यावर बोचके. आपल्याला त्या चालीची ओळख आहे. शेवटच्या टप्प्यात, दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून, ते रात्रीच चालले आणि १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोचले. ज्यांना आपल्याच गावच्या सभेत ऐकले गेले असते, त्यांना इतके चालावे लागले नसते. वारीला माणूस आनंदाने चालतो. ही वाट वेगळी होती.

गेल्या वर्षी एका गावी मुलीकडे गेलो होतो. ग्रामसभा होती, देवळाच्या मंडपातच. मला पाहून मंडळींनी आग्रहाने पुढे खुर्ची दिली. घरकुलाची यादी वाचली जात होती. वाचणारा तरुण भराभर, तोंडातल्या तोंडात वाचत होता. पुढच्या दोन रांगांना कळत असेल-नसेल. मंडपाच्या पायऱ्यांखाली, उन्हात, भिल्ल वस्तीतल्या सात-आठ बायका बसल्या होत्या. त्यांना कोणी खाली बसा म्हटले नव्हते, आणि वर या असेही म्हटले नव्हते. त्यांतली एक आजी उठून उभी राहिली आणि अहिराणीत म्हणाली, ‘दादा, माले ऐकू येत नही. जोरमा वाच.’

कोणीतरी हसले. वाचणारा थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला, जणू मी काही म्हणेन. साठ वर्षे गर्दीला गप्प बसवण्यात गेलेला माझा गळा. त्यातून आवाज फुटला तो बसका. मी म्हणालो, ‘बाळा, पहिल्यापासून वाच. आजी, तुम्ही सगळ्या वर या.’ त्या आल्या. एका बाजूला, भिंतीला पाठ लावून बसल्या. यादी पुन्हा वाचली गेली. आजीचे नाव तीत नव्हते. का नाही, असे तिने विचारले, आणि तिचा प्रश्न वहीत लिहून घ्या असे दोन तरुण पोरींनी लावून धरले. तो लिहिला गेला, मी उठून वहीत पाहिला.

घरी येताना वाटेत त्या कनातीला टेकून बसलेल्या गृहस्थांची आठवण झाली. ते आता हयात नाहीत. पुढच्या सभेला मुलीने पुन्हा बोलावले आहे. या वेळी खुर्ची नको असे आधीच कळवले आहे. पायऱ्यांखाली बसून तिथवर किती ऐकू येते ते पाहायचे आहे.