लक्ष मोजायचं यंत्र

मूल समोर पुस्तक धरून बसलंय, पण त्याचं लक्ष आहे का, हे बाहेरून कसं ओळखायचं? आज आपण या प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास थोडक्यात पाहू.

1924 साली जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञांनी माणसाच्या मेंदूतले विद्युत चढउतार पहिल्यांदा नोंदवले. निबंध छापला तो पाच वर्षांनी, 1929 मध्ये. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला सुमारे 10 लहरी दिसत. डोळे उघडले किंवा मनात गणित सुरू केलं, की त्या दबत. या अल्फा लहरी. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवू. यंत्राला दिसतो तो विजेचा अत्यंत सूक्ष्म चढउतार. त्याला 'लक्ष' हे नाव आपण देतो.

मग प्रश्न आला, मोजता येतं ते शिकवताही येईल का? अमेरिकेत जो कामिया यांनी माणसांना स्वतःच्या अल्फा लहरी ओळखायला शिकवलं. 1973 मध्ये जाक विडाल यांनी 'ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस' हे नाव रूढ केलं. 1976 मध्ये जोएल लुबार आणि मार्गारेट शाउस यांनी एका अतिचंचल मुलावर केलेला असा प्रयोग प्रसिद्ध झाला. पालकांच्या आशा वाढल्या.

2019 मध्ये चीनमधल्या जिनहुआच्या एका प्राथमिक शाळेत तर मुलांच्या कपाळावर पट्टेच आले. लक्ष असेल तर लाल दिवा, भरकटलं तर निळा. लोकांनी टीकेची झोड उठवली, तेव्हा ते थांबवावे लागले.

आणि 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. लक्ष टिकत नाही अशी 7 ते 10 वर्षांची मुलं. काहींना स्वतःच्या लहरींवर शिक्षण, बाकीच्यांना आधीच नोंदवून ठेवलेल्या लहरी दाखवून खोटं शिक्षण. कुणाला काय मिळतंय, हे मुलांनाही माहीत नव्हतं आणि पालकांनाही. सुधारणा दोन्ही गटांत झाली, आणि जवळपास सारखीच!

म्हणजे मुलं सुधारली हे खरं, पण श्रेय लहरींना देता येत नाही. मग कशाला द्यायचं? कदाचित ठरल्या वेळी कुणीतरी आपल्यापाशी बसतं, धीर देतं, याला. मुलाचं लक्ष मोजायला निघालेल्या आपण आधी एवढंच विचारू या: त्याच्याकडे आपलं लक्ष किती आहे?