सूचिपर्णी वनांचे वणव्यानंतरचे पुनर्जनन

तीव्र वणव्यात जुने वृक्ष मेल्यावर पाइन, स्प्रूस, फर अशा सुईसारख्या पानांच्या व शंकू धारण करणाऱ्या वृक्षांचे वन पुन्हा उभे राहण्याची प्रक्रिया. या गटातील बहुतेक वृक्षांना जळालेल्या खोडापासून वा मुळांपासून धुमारे फुटत नाहीत, त्यामुळे आगीनंतर बी कोठून मिळते यावरच वनाचे भवितव्य ठरते.

याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे आहे. १९८८ च्या उन्हाळ्यातील वणव्यांनी उद्यानाचे सुमारे ३६ टक्के क्षेत्र, म्हणजे जवळपास ३.२ लाख हेक्टर, व्यापले आणि उद्यान कायमचे उजाड झाल्याचा बोलबाला झाला. तो निराधार होता. तेथील प्रमुख वृक्ष असलेल्या लॉजपोल पाइनच्या अनेक झाडांवरील शंकू पिकल्यावरही उमलत नाहीत. त्यांचे खवले राळेने घट्ट चिकटलेले असतात व आतील बी वर्षानुवर्षे फांदीवरच जिवंत राहते. शेंड्यांमधून धावणारी आग एका जागी फार काळ थांबत नसल्याने तिच्या उष्णतेने राळ वितळते, पण आतील बी सहसा वाचते. पुढे खवले उघडतात आणि पंखयुक्त बारीक बी राखेवर व उघड्या मातीवर पडते. बहुतेक रोपे पहिल्या काही वर्षांतच उगवली, मात्र त्यांची दाटी सर्वत्र सारखी नव्हती: बंद शंकूंची झाडे विपुल होती तेथे हेक्टरी लाखो रोपे आली, तर अशी झाडे विरळ असलेल्या उंच भागांत फारच थोडी. एंगलमन स्प्रूस व सबअल्पाइन फर यांच्यापाशी असा साठा नसतो. त्यांचे बी न जळालेल्या कडेवरून वाऱ्याने यावे लागते, त्यामुळे मोठ्या जळित पट्ट्यांच्या मध्यभागी त्यांचे पुनरागमन संथ असते.

या वनांत पूर्वी दोन तीव्र वणव्यांमध्ये साधारणतः १०० ते ३०० वर्षे जात आणि तेवढ्यात शंकूंचा साठा पुरेसा भरत असे. तरुण झाडांवर आधी उघडे शंकूच येतात, बंद शंकू बऱ्याच वर्षांनी धरतात. यलोस्टोन परिसरातील १९८८ व २००० च्या वणव्यांनंतर वाढलेली काही तरुण वने २०१६ मध्ये पुन्हा जळाली, तेव्हा नव्या रोपांची दाटी आधीच्या वणव्यानंतरच्या दाटीच्या सुमारे एक षष्ठांशावर आली. म्हणून तापत्या, कोरड्या हवामानातील वारंवारच्या वणव्यांना १९८८ चा दिलासा लागू करणे चुकीचे ठरेल.