शोधमार्ग, सामायिक लायब्ररींचे
आज्ञावली चालू होताना तिला लागणाऱ्या सामायिक लायब्ररी कोणत्या निर्देशिकांत व कोणत्या क्रमाने शोधावयाच्या, हे ठरविणाऱ्या यादीस शोधमार्ग म्हणतात. कल्पना जुनी आहे. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक व बेल प्रयोगशाळा यांनी १९६५ च्या सुमारास हाती घेतलेल्या मल्टिक्स प्रणालीत उपकार्याचा प्रथम उल्लेख होताच ते शोधनियमांनुसार हुडकून जोडले जाई. प्रारंभीच्या युनिक्समध्ये ही सोय नव्हती; प्रत्येक आज्ञावलीत लायब्ररीची प्रतच समाविष्ट होई. त्यात जागा वाया जाई, पण आज्ञावली स्वयंपूर्ण राही. सनओएस ४.० (१९८८) या आवृत्तीने युनिक्सच्या जगात गतिमान जोडणी रूढ केली व तिच्याबरोबर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे परिवेशचलही आले.

खरी अडचण यापुढची आहे. बांधणीच्या व चाचणीच्या वेळी लायब्ररी बांधणीच्या निर्देशिकेत असते, स्थापनेनंतर ती अन्यत्र जाते. चाचणीत यंत्रावरील जुनी प्रत उचलली गेली, तर चाचणी यशस्वी होते. मात्र ती नव्या लायब्ररीची नसतेच. गॉर्डन मॅट्झिकाइट यांच्या लिबटूल या साधनाने (१९९६) यावर आवरण-आज्ञावलीचा उपाय योजला : चाचणीपुरता मार्ग आवरणाने पुरवावयाचा व जरूर तेथे स्थापनेच्या वेळी जोडणी पुन्हा करावयाची. उपाय ओबडधोबड खरा, पण उपयुक्त ठरला.

मार्ग आज्ञावलीतच कोरून ठेवण्याचीही पद्धत आहे. त्यातील ‘आरपाथ’ हा जुना प्रकार परिवेशचलाच्या आधी पाहिला जातो. म्हणून वापरणाऱ्यास तो बदलता येत नाही. ‘रनपाथ’ हा नंतरचा प्रकार परिवेशचलानंतर पाहिला जातो. संवेष्टनात बांधणीच्या यंत्रावरील मार्ग चुकून राहिला आणि त्या जागी कोणालाही लिहिता येत असेल, तर परक्याची लायब्ररी आत शिरू शकते. डेबियन वितरणात असे कोरीव मार्ग सामान्यतः टाळले जातात.

परिवेशचलाचा धोकाही थोडा नाही. विशेषाधिकार बदलून चालणाऱ्या आज्ञावलींसाठी जोडणीकार ते दुर्लक्षितो. तथापि १९९५ मध्ये असे आढळले की, काही यंत्रांवरील टेलनेट सेवक दूरस्थ व्यक्तीने पाठविलेली परिवेशचले स्वीकारून ‘लॉगिन’ आज्ञावलीस देतो. सेवक आधीच सर्वाधिकारी असल्याने अधिकार बदलल्याचे जोडणीकारास दिसत नसे. ज्याला यंत्रावर एखादी फाइल ठेवता येई, त्यास तेवढ्यावर सर्वाधिकार मिळविता येत.

एल्को डोल्स्ट्रा यांनी उत्रेख्त विद्यापीठात विकसित केलेल्या निक्सने (२००३) उलट वाट धरली. तीत प्रत्येक लायब्ररी स्वतंत्र निर्देशिकेत राहते व तिचा पूर्ण मार्ग आज्ञावलीत कोरला जातो. डेबियनने टाळलेली पद्धत येथे नियम झाली आहे.