शब्दवेध : वाडा

बडोद्याच्या नागरवाड्यातला 'वाडा' मुळात कुंपण आहे. संस्कृत 'वाट' किंवा 'वाटक' म्हणजे कुंपण घातलेली जागा. वाटिका, वाडी, गुरांचा वाडा ही सगळी त्याचीच भावंडं. पुढे माणसांनाही कुंपणं पडली : कुंभारवाडा, ब्राह्मणवाडा, महारवाडा. जमिनीवरचं कुंपण मनात कधी रुजलं, कळलंच नाही. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनला शिकून संस्थानच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना याच बडोद्यात घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावलं गेलं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं महाराष्ट्र सरकारने ठरवलं ते डिसेंबर २०२० मध्ये. फार, फार उशिरा.

वाडा म्हणजे मोठं घरही. याच बडोद्यात, त्याआधी जानेवारी १९०८ मध्ये, सरदार मजुमदारांच्या वाड्यात, वरच्या खोलीत, योगी विष्णू भास्कर लेले अरविंद घोषांना ध्यान शिकवायला घेऊन बसले. विचार बाहेरून येताना दिसेल, तो आत शिरण्याआधीच परतवा, एवढीच त्यांची सूचना. तीन दिवसांत अरविंदांचं मन निःशब्द झालं. कुंपण पडलं की दोन बाजू होतात. 'द्वि'पासून द्वैत, ते नाकारणारं अद्वैत. वेदान्ताचा हा शब्द त्यांनी तिथे अनुभवला. त्याच महिन्यात मुंबईत ते भाषणाला उभे राहिले, तेही त्याच निःशब्द मनाने.