अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईवडील : भावबंधाचे मूल्यमापन

गर्भावस्थेचे ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेले बाळ रुग्णालयात असताना आईवडिलांची माया त्याच्याशी कशी जुळत आहे, हे निरीक्षण, मुलाखत व प्रश्नावली यांतून पाहिले जाते. बाळाला आईवडिलांची लागणारी ओढ ही वेगळी बाब असून ती साधारण वर्षाच्या सुमारास तपासता येते.

या विषयाकडे विशेष लक्ष वेधले ते अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मार्शल क्लाउस व जॉन केनेल यांनी. पूर्ण दिवसांच्या बाळाची आई आधी बोटांच्या टोकांनी त्याचे हातपाय चाचपते व काही मिनिटांतच तळहाताने अंग कुरवाळू लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत हा बदल फार सावकाश होतो, असे त्यांना आढळले. जन्मानंतरचे पहिले काही तास हुकले की नाते कच्चे राहते, हे त्यांचे मत मात्र पुढे टिकले नाही.

इयन ब्रॉकिंग्टन व सहकाऱ्यांची २५ विधानांची प्रश्नावली (२००१) बरीच वापरली जाते. पण ती बाळाचे सगळे स्वतः करणाऱ्या आईला धरून बेतलेली आहे. बाळ फार रडते का, लवकर शांत होते का, असे तीत येते. श्वासनलिकेत नळी असलेल्या बाळाच्या रडण्याला आवाज नसतो, आणि त्याला शांत करते ती परिचारिका. अशा वेळी गुणांवरून मायेपेक्षा न मिळालेली संधीच अधिक कळते. म्हणून जोडीला नवजात अतिदक्षता विभागात आईवडिलांना येणारा ताण मोजणारी श्रेणी आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी एडिंबराची १० प्रश्नांची चाचणी घेतात. भेटींची संख्या हा तर फारच कच्चा निकष. सिझेरियनचे टाके, बुडणारी रोजी आणि एसटीचे वेळापत्रक यांचा मायेशी संबंध नाही.

निरीक्षण अधिक बोलके असते, मात्र पाहणारा जाणता हवा. बोटे फाकवणे, जांभई, उचकी, रंग बदलणे, नजर वळवणे या थकल्याच्या खुणा असतात. त्या ओळखून बाळाच्या उबदार पेटीतला (इन्क्युबेटरमधला) आपला हात अलगद थांबवणारा बाप अलिप्त नसतो. तो बाळाचे ऐकत असतो. छातीशी उघड्या अंगाने बाळ धरण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये बोगोटा येथे एडगर रे यांनी सुरू केली. तीत असे निरीक्षण सहज जमते आणि नात्यालाही हातभार लागतो.

एका नोंदीवरून निष्कर्ष काढत नाहीत. घरी सोडण्यापूर्वी व पुढच्या तपासण्यांत मूल्यमापन पुन्हा होते. तेव्हा बाळाचे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून धरतात.