परक्या फुलांची गोधडी : कोरोमंडलची चीट आणि इंग्लंडची बंदी

१/ इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यात लेव्हन्स हॉल नावाचा जुना वाडा आहे. तेथे जपलेल्या एका गोधडीचा काळ परंपरेने सुमारे १७०८ मानला जातो. इंग्लंडमधील सर्वांत जुन्या ठिगळकामांत तिची गणना होते. तिच्यातील नक्षीचे तुकडे मात्र इंग्लंडचे नाहीत. ते भारतीय चिटाचे आहेत.

२/ चीट म्हणजे हाताने रंगवलेले किंवा छापलेले सुती कापड. मराठीतील ‘चीट’ आणि इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हे एकाच कुळातले शब्द. आपला ‘पलंगपोस’ही इंग्रजांच्या तोंडी ‘पॅलमपोर’ झाला. मच्छलीपट्टण आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील कारागीर या कलेत अग्रेसर होते.

३/ त्यांचे खरे सामर्थ्य रसायनात होते. कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवले जाई. लाल रंगासाठी तुरटीचे द्रावण आणि काळ्यासाठी लोहाचे द्रावण कलमाने रेखले जाई. निळीत बुडवताना उरलेला भाग मेणाने झाकत. असे रंग धुतल्यावरही टिकत. त्या काळच्या युरोपीय छपाईला हे साधलेले नव्हते.

४/ यावरील फुले कोणत्या देशाची? १६४३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी सुरतेच्या वखारीला कळवले, की रजयांची लाल जमीन गिऱ्हाइकांना रुचत नाही. जमीन पांढरी आणि फुले-फांद्या रंगीत असाव्यात. पुढे लंडनहून नमुनेही येऊ लागले. कारागिराने न पाहिलेल्या देशाच्या आवडीसाठी फुले चितारली, आणि खरेदीदारांनी ती ‘हिंदुस्थानी’ समजून घेतली.

५/ असे कापड वाया घालवणे कोणाला परवडणार? तुकडे जोडून गोधड्या शिवल्या गेल्या. काही ठिकाणी अखंड फूल, पक्षी किंवा झाड कडेने कातरून साध्या पांढऱ्या कापडावर टाचले जाई. या कामाला पुढे ‘ब्रोदेरी पर्स’, म्हणजे ‘पर्शियन भरतकाम’, असे नाव पडले. त्याचा इराणशी संबंध नाममात्रच होता.

६/ या फुलांची झळ लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांना बसली. फ्रान्सने १६८६ मध्येच चिटावर बंदी घातली होती. इंग्लंडने १७०० च्या कायद्याने देशांतर्गत वापरासाठी रंगीत भारतीय सुती कापड आणण्यास मनाई केली. तरीही मागणी थांबली नाही. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्समधील विणकर रस्त्यावर उतरले आणि चिटाचे झगे घातलेल्या स्त्रियांच्या अंगावरील कपडे फाडू लागले. त्यांच्या चुली विझत होत्या, हे खरे. पण मार बसला तो गिऱ्हाइकांना.

७/ १७२१ च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालणे आणि घरात बिछाना, उशी, पडदा म्हणून वापरणे, दोन्ही निषिद्ध ठरवले. झगा घालणाऱ्यास पाच पौंड दंड होता. अंथरूण-पांघरूणही आता राज्यकारभाराचा विषय झाले होते.

८/ १७७४ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेल्या छापील सुती कापडाला मोकळीक मिळाली. भारतीय चिटाला नाही. नामवंत नट डेव्हिड गॅरिक यांच्या पत्नीसाठी कलकत्त्याहून भेट आलेले मच्छलीपट्टणचे चीट जकातखात्याने जप्त केले. १७७५ मध्ये गॅरिक यांनी ते परत मिळावे म्हणून अर्ज केला. त्या पलंगाचे पडदे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

९/ बंदीच्या आडोशाला युरोप ही विद्या शिकत होता. १७४२ मध्ये केर्दू या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने कोरोमंडलहून रंगकामाची कृती पत्राने मायदेशी कळवली. १७८३ मध्ये इंग्लंडमध्ये रूळछपाईच्या यंत्राचे पेटंट झाले. कलमाने रेखलेल्या रेषेला मग यंत्राच्या वेगाशी झुंजावे लागले.

१०/ लेव्हन्स हॉलच्या गोधडीत तीच रेषा टिकून आहे. ती शिवणारे हात इंग्लंडचे, रंग कोरोमंडलचे, आणि फुले दोन्ही देशांपैकी एकाही बागेत न उमललेली. गोधडीवर ना कारागिराचे नाव आहे, ना गावाचे. ओळख उरली आहे ती फक्त न विटलेल्या रंगांची.