नववीतलं अंकगणित

1965 साली मी आठवीतून नववीत गेले, तेव्हा वर्गशिक्षकांनी एक कागद फिरवला. बीजगणित-भूमिती की अंकगणित, एवढंच त्यावर लिहायचं होतं. आमच्या कऱ्हाडच्या शाळेत मुलींनी अंकगणित घ्यायचं आणि जोडीला 'हायजिन', म्हणजे शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र, हे ठरल्यासारखंच होतं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं जे लिहिलं तेच मी लिहिलं. सायन्सला जायचं तर बीजगणित-भूमिती लागते, हे मला अकरावी एस.एस.सी.चा निकाल हातात आल्यावर कळलं. कृष्णेपलीकडं विद्यानगरला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज 1960 पासून उभं होतं. मी आर्ट्सला गेले.

गंमत म्हणजे, मुलाला काय झेपेल, कशाची आवड आहे, हे तपासून सांगणारी माणसं तेव्हा राज्यात होती. मुंबईत पारशी पंचायतीनं 1947 साली आपल्या समाजासाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं. 1950 साली मुंबई सरकारनंही स्वतःचं काढलं, तेच पुढं व्यवसाय मार्गदर्शन संस्था झालं. 1952-53च्या मुदलियार आयोगानं तर शाळाशाळांत मार्गदर्शन हवं म्हणून सांगितलं होतं. पण हे सगळं तीनशे किलोमीटरवर. आमच्यापर्यंत आला तो फक्त फिरवलेला कागद.

1975 साली दहावीचा नवा आकृतिबंध आला. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली, अशा दोन तुकड्या एकदमच बाहेर पडल्या. वर्तमानपत्रं पुढच्या दोन वर्षांविषयी, ज्युनिअर कॉलेजांविषयी, मास्तर कुठून आणायचे याविषयी भरभरून लिहीत होती. माझ्या लेखी मोठी गोष्ट वेगळीच होती: गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं झालं. नववीतला तो कागद बंद झाला. कोठारी आयोगाची कितीतरी पानं मी बी.एड.ला पाठ केली होती, पण त्यातली ही एक शिफारस मला आपल्यासाठीच लिहिली असावी असं वाटायचं. दहा वर्षं उशिरा पोचली, एवढंच.

मी तोवर मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. 1979 साली हेडमास्तरांनी मला करिअर मास्टरच्या, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाच्या, प्रशिक्षणाला मुंबईला पाठवलं. दुसरं कोणी जायला तयार नव्हतं, हे कारण. तीच ती व्यवसाय मार्गदर्शन संस्था, महापालिका मार्गावर, धोबी तलावाजवळ. प्रमाणपत्रावर 'मास्टर' असंच छापलेलं, त्याला स्त्रीलिंगी रूप कोणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. शाळेत नंतर मुली मला 'मास्टरबाई' म्हणू लागल्या.

तिथं आम्हाला कल चाचण्या शिकवल्या. शब्दांच्या, आकड्यांच्या, आकृत्या मनातल्या मनात फिरवण्याच्या. प्रत्येक मुलाचं संचयी नोंदपत्रक ठेवायचं: गुण, छंद, घरची परिस्थिती, तब्येत, सगळं. वर्षानुवर्षं भरत जायचं, मग दहावीला त्यावरून पालकांशी बोलायचं. मला ते फार आवडलं. परतल्यावर मी शंभर कार्डं छापून घेतली, जिन्याखालच्या फळ्यावर 'करिअर कॉर्नर' लावला, आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, डी.एड. यांचे तक्ते रंगीत पेन्सिलींनी काढले.

जून उजाडला आणि तक्ते तसेच राहिले.

निकालानंतर पालक यायचे ते वेगळंच विचारायला. फॉर्म कुठं मिळतो? किती तारखेपर्यंत? ई.बी.सी.ची फी माफी घ्यायची तर उत्पन्नाचा दाखला तलाठ्याचा चालतो की तहसीलदाराचाच लागतो? झेरॉक्स तेव्हा आमच्या बाजूला दुर्मिळ. मार्कलिस्टच्या पाच-पाच नकला मी हातानं उतरवायची, खाली 'खरी नक्कल' लिहून हेडमास्तरांचा शिक्का मारायची. सांगली-मिरजेचे फॉर्म आणायला एसटीनं जायची, कारण बापाचा एक दिवसाचा रोज बुडाला तर तो फॉर्म महाग पडायचा. कल ओळखण्याचं शिक्षण घेतलेल्या बाईचा जून-जुलै असा दाखल्यांत जाई. सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढं कळलं की ज्या घरात आजवर कोणी कॉलेजात गेलेलं नाही, तिथं मार्गदर्शन म्हणजे हेच. आवडीनिवडीचा प्रश्न त्यानंतरचा.

यात माझी एक मोठी चूक झाली. आकृत्यांच्या चाचणीत एका मुलीला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते, तिला डिप्लोमाला घालायचं असं मी ठरवलं. पण यादी लागेपर्यंत जागा हातची जाऊ नये म्हणून आधी एका ज्युनिअर कॉलेजात नाव घालायला लावलं. तिथं मूळ लिव्हिंग सर्टिफिकेट जमा केलं. दुसऱ्या यादीत तिचं नाव आलं, मुदत दोन दिवसांची, आणि कॉलेजातला कारकून रजेवर. कपाटाची किल्ली त्याच्याकडं. सर्टिफिकेट तिसऱ्या दिवशी मिळालं. ती पुढं बी.कॉम. झाली, बरं चाललंय तिचं. भेटली की विषय मीच बदलते.

1983 साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. आमच्याकडं पुढच्याच वर्षी कृष्णाचं मेडिकल कॉलेजही निघालं. जागा वाढल्या, यात शंका नाही. पण जिन्याखाली येणाऱ्यांचा प्रश्न बदलला. "बाई, हिला काय जमंल?" हा अधूनमधून तरी कानी पडणारा प्रश्न थांबला आणि "बाई, डोनेशन किती?" सुरू झाला. 1987 साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा आला, 1993च्या उन्नीकृष्णन निकालानं फ्री सीट आणि पेमेंट सीट हे शब्द आले. एकेका मार्काची किंमत रुपयांत मोजता येऊ लागली. माझी संचयी नोंदपत्रकं कोणी मागेना. शंभरातली साठ कोरीच राहिली, त्यांच्या पाठी मी वाणसामानाच्या याद्यांना वापरल्या.

पुढचं तर कोर्टकचेरीचंच आहे. मुंबईत अकरावीसाठी पर्सेंटाइल आलं, हायकोर्टानं उडवलं. 2009 साली एस.एस.सी.वाल्यांना नव्वद टक्के जागा, तेही उडालं. 2010चं 'बेस्ट फाइव्ह' हायकोर्टात पडलं आणि सुप्रीम कोर्टात उभं राहिलं. डोंबिवलीची भाची रोज फोन करून आता काय नियम आहे ते विचारायची, आणि मी पेपर वाचून सांगायची.

2016 साली दहावीच्या मुलांची सरकारी कल चाचणी सुरू झाली तेव्हा मी निवृत्त होते. क्षेत्रांच्या यादीत 'गणवेशधारी सेवा' वाचून हसू आलं, मग वाटलं, साताऱ्याच्या पोरांसाठी शब्द चुकीचा नाही. आमच्याकडं घरटी एक पोरगं त्यासाठी पहाटे धावतंच.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. शेजारची मुलगी मोबाइल घेऊन आली. जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम भरायचे, आणि पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मी तिला ते दोनदा समजावलं. मग जुनी सवय, विचारलं, तुला करायचंय काय?

"ते बघू नंतर," तिची आई दारातूनच म्हणाली. "आधी एवढं सांगा आजी, नॉन-क्रिमी लेअर मागच्या वर्षीचं चालतंय का?"

मी चष्मा शोधू लागले.